विषय: पॅरिश चर्चच्या इमारत निधीस साहाय्य

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपले मुलांचे मराठी वर्ग ज्या पॅरिश चर्चच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील परिसर) सभागृहात भरतात, त्या चर्चने छपराची दुरुस्ती, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि नवे स्वच्छतागृह यांकरिता निधी उभारण्यास सुरुवात केली आहे. मंडळाने तिकीट लावून गायनाचा कार्यक्रम करावा आणि त्यातील शिल्लक, तसेच गंगाजळीतील काही रक्कम, चर्चला द्यावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. भाषेसाठी स्थापन झालेल्या मंडळाचा पैसा प्रार्थनास्थळाला देणे योग्य आहे का, अशी शंका काही सभासदांनी घेतली आहे, तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा खर्च सरकार का करत नाही, असेही विचारले गेले आहे. कृपया मते कळवावीत.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

कार्यवाह महोदया, नमस्कार.

सरकारबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. चर्च ऑफ इंग्लंड राजमान्य असले, तरी पॅरिश चर्चच्या देखभालीसाठी सरकारकडून नियमित तरतूद नसते. पूर्वी पॅरिशमधील रहिवाशांकडून त्यासाठी कर घेतला जाई. त्याची सक्ती १८६८ च्या कायद्याने संपली, आणि आज हा भार मुख्यतः पॅरोकियल चर्च कौन्सिल या चर्चच्या स्थानिक समितीवर, म्हणजे तिथल्याच हौशी स्वयंसेवकांवर, आहे.

प्रस्तावाचा हेतू मला मान्य आहे, मार्ग मात्र तोट्याचा वाटतो. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या व्यक्तीने गिफ्ट एड या देणगीवरील करसवलतीचे घोषणापत्र भरून स्वतःच्या पैशातून १०० पौंड दिले, तर चर्चला महसूल खात्याकडून आणखी २५ पौंड मिळतात. तीच रक्कम मंडळाच्या खात्यातून गेली, तर हे २५ पौंड मिळत नाहीत, कारण ही सवलत व्यक्तींच्या देणगीसाठी आहे. तिकिटाची किंमतही देणगी ठरत नाही. तिच्या बदल्यात प्रेक्षकाला कार्यक्रम मिळालेला असतो. म्हणून गाणे अवश्य व्हावे, पण प्रवेश खरोखरच विनामूल्य ठेवावा आणि घोषणापत्रे व दानपेटी चर्चच्या लोकांनी स्वतः सांभाळावी. ३० पौंडांपर्यंतच्या रोख किंवा कॉन्टॅक्टलेस कार्डाने दिलेल्या छोट्या देणग्यांवर, ठरावीक वार्षिक मर्यादेत, घोषणापत्राशिवायही तशीच भर मिळवण्याची योजना आहे; चर्चच्या कोषाध्यक्षांना ती बहुधा आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

यातून सभासदांच्या शंकेचेही निरसन होते. मंडळाचा निधी घटनेत लिहिलेल्या उद्दिष्टांबाहेर खर्च करता येत नाही, आणि ‘सभागृह वापरतो म्हणून देतो’ हे समर्थन ओढूनताणून केलेले वाटेल. ज्याला द्यायचे आहे त्याने स्वतःच्या नावाने द्यावे, ज्याला नाही त्याला कोणी विचारू नये. मंडळाने केवळ आवाहन पोहोचवावे.

देण्यापूर्वी एक चौकशी मात्र करावी. चर्चच्या इमारतीत बदल करण्यासाठी फॅकल्टी नावाची परवानगी लागते; डायोसीसची (बिशपच्या अधिकारातील विभागाची) सल्लागार समिती मत देते, जाहीर सूचना २८ दिवस लावावी लागते आणि निर्णय डायोसीसचे चॅन्सेलर, म्हणजे तिथले न्यायाधीश, देतात. किरकोळ दुरुस्त्यांना यातून सूट असते, पण स्वच्छतागृहाला नसावी, कारण सांडपाण्याची नळी जुन्या दफनभूमीतून न्यायची झाली की पुरातत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. अशा कामांना फार वेळ लागतो. शिवाय, विशिष्ट कामासाठी म्हणून दिलेला पैसा दुसरीकडे वापरता येत नाही. स्वच्छतागृहासाठी दिलेले पौंड परवानगीअभावी अडकून पडतील आणि छप्पर गळतच राहील, असे व्हायला नको. त्यामुळे देणगी ‘इमारत निधीसाठी’ द्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उद्घाटनाच्या फलकावर नाव दिसण्यासाठी ठरावीक वस्तूला पैसे देण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रेषक: एक सभासद

सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझे आईवडील आमच्याकडे राहतात आणि त्यांनाही काही द्यायचे आहे, परंतु ते इथे कर भरत नाहीत. त्यांनी घोषणापत्र भरावे का?

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

भरू नये. आपण भरलेल्या करापेक्षा जास्त रकमेचा परतावा चर्चने घेतला, तर तो फरक देणगीदाराकडून वसूल होऊ शकतो. त्यांनी घोषणापत्राविना द्यावे किंवा पैसे सरळ दानपेटीत टाकावेत. ते पैसे तुमचे म्हणून दाखवून तुम्ही सही करणेही नियमात बसत नाही.

प्रेषक: कार्यवाह

तिकिटाचा प्रस्ताव मागे घेत आहे. परवानगी कोणत्या टप्प्यावर आहे, याची व्हिकरांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) लेखी विचारणा करते, आणि त्यांचे उत्तर आल्यावरच आवाहनाचा मसुदा इथे पाठवते.