मदत हवी आहे: हृदयस्नायूचा आनुवंशिक आजार आणि ‘अर्थ अनिश्चित’ असा जनुकीय अहवाल

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, असल्याचे निदान झाले आहे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याची जाडी १९ मिलिमीटर आली. त्याला रक्तदाबाचा त्रास नाही आणि झडपाही निर्दोष आहेत, म्हणजे जाडीचे दुसरे उघड कारण दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करून घेतली. त्या अहवालात एमवायएच-७ या जनुकात एक बदल सापडला, मात्र त्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे, म्हणजे तो बदल घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही. घरातल्या बाकीच्यांनी या शेऱ्यावरून नेमके काय ठरवायचे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

मला आतापर्यंत समजले ते असे. या आजारात सर्वाधिक वेळा एमवायबीपीसी-३ आणि एमवायएच-७ ही दोन जनुके कारणीभूत आढळतात. आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आलेली जनुकाची एक सदोष प्रतही आजाराला पुरेशी ठरते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. ती मिळाली तरी आजार होईलच असे नाही, आणि एकाच घरात कुणाला तरुणपणी त्रास होतो, तर कुणाला उतारवयातही काही जाणवत नाही. एमवायएच-७ हे जनुक मायोसिन या प्रथिनाची घडण ठरवते. त्यातले दोष बहुधा एखादे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलण्याच्या स्वरूपाचे असतात, आणि असा बदल घातक की निरुपद्रवी हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. दुर्मीळ बदलावर घातक असल्याचा संशय अधिक घेतला जातो, पण युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीसाठ्यात दुर्मीळ असलेला बदल आपल्याकडे सर्रास आढळू शकतो. एमवायबीपीसी-३ मधला २५ बेस-जोड्या (डीएनएची ‘अक्षरे’) गळालेला बदल दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते, हे वाचल्यापासून ‘दुर्मीळ’ या शब्दावर एकदम विसंबावेसे वाटत नाही.

आता घरची स्थिती. आजोबा चाळिशीत अचानक गेले आणि शवविच्छेदन झाले नाही. वडिलांचा इको व्यवस्थित आहे, परंतु ईसीजीत टी-लहरी (आलेखातला एक भाग) उलट्या, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या, दिसतात. आत्याच्या हृदयाचा पडदा १६ मिलिमीटर आहे, पण तिला कित्येक वर्षांपासून उच्च रक्तदाब असल्यामुळे ही जाडी कशाची हे सांगणे अवघड आहे.

वडील आणि आत्या या दोघांत तोच बदल आहे का, हे तपासल्याने त्याचा अर्थ स्पष्ट व्हायला खरोखर मदत होईल का? तो आत्यात सापडला नाही, तर तिची जाडी रक्तदाबामुळे आहे असे मानायचे, की हा बदलच आजाराचे कारण नाही असे?

माझी मुलगी बारा वर्षांची असून धावण्याच्या स्पर्धांत भाग घेते. अनिश्चित बदलाच्या आधारे निरोगी मुलांची जनुकीय तपासणी करू नये, इको आणि ईसीजीवरच लक्ष ठेवावे, असे मी वाचले आहे आणि ते मला पटतेही. कारण तिच्यात हा बदल नाही असे निघाले तरी त्यावरून निर्धास्त होता येणार नाही. मग या वयात इको किती अंतराने करावा, आणि तोवर स्पर्धांबाबत कोणती काळजी घ्यावी?

शेवटचा प्रश्न असा की, नवी माहिती पुढे आल्यावर प्रयोगशाळा जुन्या अहवालाचा फेरविचार आपणहून करते, की त्यासाठी आपणच पाठपुरावा करावा लागतो? ज्यांच्या घरी असा शेरा पुढे बदलला, त्यांनी तो कसा आणि कुणामार्फत बदलून मिळाला हे कृपया सविस्तर लिहावे.