लेकराचं अँटिबायोटिक: बाटली घरी आली की

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात जे रोज औषध देतात किंवा समजावतात, त्यांनी लिहावं. किस्से नकोत. कुठं चुकतं आणि का, तेवढंच.

औषध दुकान, खानापूर
औषध कोरड्या पावडरचं येतं, घोळ त्यात पाणी घालतानाच होतो. आधी कोरडी बाटली उलटी करून ठोका, तळाची पावडर सुटू द्या. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. कोमट पाण्यानं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक या जोड अँटिबायोटिकमधला क्लॅव्हुलॅनिक भाग लवकर बिघडतो. बाटलीवरच्या खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, हलवा, फेस बसू द्या, मगच खुणेपर्यंत भरा. फेसालाच पाणी समजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध कडक होतं. कालवल्याची तारीख लेबलावर लिहा. कालवलेलं हे जोड औषध फ्रिजमध्ये 7 दिवस चालतं, पण फ्रीझरमध्ये नको.

अजून एक. 5 मिली दोनदा, 5 दिवस म्हणजे 50 मिली. बाटली 30 ची. दुसरी बाटली पहिली संपेपर्यंत कोरडीच ठेवा. दोन्ही एकदम कालवून ठेवायची काय गरज?

परिचारिका, निपाणी
चमचा नकोच. घरातला चमचा कुठला 3 मिलीचा, कुठला 7 चा. सुई नसलेली सिरिंज घ्या, टोकावरचं टोपण आधी काढून फेका, ते घशात अडकू शकतं. लेकराला बसतं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. थेट घशावर मारलं की ठसका लागतो. दुधाच्या बाटलीत कालवू नका, दूध उरलं तर डोसही उरला. प्रत्येक वेळी बाटली हलवा, नाहीतर वरचं पातळ आधी जातं आणि शेवटी कडक राहतं.

आशा कार्यकर्ती, चिकोडी
चिठ्ठी कन्नडमध्ये असली तर 'दिनक्के एरडु सल' म्हणजे दिवसातून दोनदा, 'मूरु सल' तीनदा, 'ऊटद नंतर' जेवणानंतर. अंदाज नको, दुकानदाराकडून मराठीत लिहून घ्या.

औषध दुकान, बेळगाव
वरच्यात भर. अमॉक्सिसिलिन 5 मिलीत 125 मिग्रॅचंही मिळतं, 250 चंही. डॉक्टरांनी 125 चं 5 मिली सांगितलं आणि हातात 250 चं आलं, तर तेच 5 मिली म्हणजे दुप्पट डोस. बदली कंपनीची बाटली मिळाली की आधी हा आकडा बघा. डोस वजनावर ठरतो, म्हणून मोठ्या भावाचं उरलेलं धाकट्याला नको. सर्दीच्या विषाणूवर तर ते चालतच नाही.

बालरोग विभाग, बेळगाव
डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ असेल तर चुकलेला सोडा, दोन एकदम नकोत. घेतल्याबरोबर ओकलं तर मनानं पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. पातळ शी होणं नेहमीचं, त्याला ओआरएस. जुलाब थांबवायच्या गोळ्या नकोत. शीत रक्त दिसलं तर दाखवा. अंगावर पुरळ उठलं तर पुढचा डोस देण्याआधी विचारा. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास घरघरला, तर औषध बंद आणि 108.

परिचारिका, निपाणी
आणि अशी पुरळ-सूज आली तर औषधाचं मूळ नाव लेकराच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लिहा. कंपनीचं नाव बदलतं, आत पेनिसिलिनच असतं, अमॉक्सिसिलिनही त्याच गटातलं.