सल्ला हवा : बेल्जियमहून आलेली मिक्स्ड फर्मेंटेशन सेझाँ बिअर कशी चाखावी?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ नाताळच्या सुट्टीवर बेल्जियमहून आलाय. येताना मिक्स्ड फर्मेंटेशन सेझाँच्या ७५० मिलीच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या घेऊन आलाय. नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ब्रेट) हे रानटी यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस हे आंबटपणा आणणारे जिवाणू घालून आंबवलेली बिअर, असं त्याने समजावलं. शनिवारी आम्ही सहाजण बाल्कांवात बसणार. नुसती पिऊन संपवायची नाही, नीट चाखायची आहे. ग्लास कुठले, किती थंड करू, काय शोधायचं आणि सोबत खायला काय? ग्लास आणि खाणं मिळून बजेट १५०० रुपये. आजवर आम्ही साधी लागर आणि उन्हाळ्यात काजूची उर्राक एवढंच प्यायलोय.

पणजी_पॉइंट
ग्लासात काटकसर करू नका. मी क्रिस्टलचे ट्युलिप ग्लास (पोट फुगीर, तोंड जरा आवळलेलं) ऑनलाइन मागवले, एकेक हजारावर गेला, पण वास काय सुरेख साठतो! सहा घ्याच. आणि वाइनचा छोटा फ्रिज घेऊन ठेवा, १२ अंशांवर लावता येतो. माझा चार वर्षं चाललाय.

म्हापशेकर
दादा, ग्लासांतच सहा हजार गेले की. बजेट १५०० आहे.

वास्कोची_मावशी
बाटली जपून उघडा हो. माझ्या जावयाने अशीच एक बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन दिवस ठेवली होती. बूच सैल केलं मात्र, फेस थेट पंख्यापर्यंत! अर्धी बाटली लादीवर. पडदे दोनदा धुतले तरी वास गेला नाही. थंड केल्याशिवाय हात लावू नका.

फोंड्याचा_नाना
सेझाँ म्हणजे आंबट बिअर. आंबट नसेल तर ती सेझाँच नव्हे. आणि यात नवल ते काय? आपल्याकडे काजूची बोंडं तुडवून काढलेला रस, म्हणजे नीरो, आपोआप आंबतो, कोणी यीस्ट घालत नाही. हेच मिक्स्ड फर्मेंटेशन.

केपेकार
नाना, दोन्ही मुद्दे पटले नाहीत. सेझाँ ही बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनियाची, मुख्यतः तिथल्या एनो प्रांताची बिअर. तिथल्या तुर्प गावच्या द्युपाँ या ब्रूअरीची सेझाँ ६.५ टक्क्यांची, त्यात ब्रेट नाही, आंबट नाही, आणि जगभर सेझाँचा नमुना म्हणून तीच दाखवतात. सेझाँची खूण कोरडेपणा. गोडवा जवळजवळ उरत नाही, घोट संपला की जीभ स्वच्छ होते. आणि नीरो हवेतल्या, सालीवरच्या यीस्टवर आंबतो. त्याचं नातं ब्रुसेल्सजवळच्या, अशीच आपोआप आंबणाऱ्या लँबिक बिअरशी. मिक्स्डमध्ये यीस्ट-जिवाणूंचं विरजण ब्रूअर स्वतः घालतो.

फोंड्याचा_नाना
आमच्या आजोबांची भट्टी होती, मला नीरो शिकवू नका. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो उगाच नाही.

डिचोली_बॉय
ग्लास ट्युलिपच घ्या. आणि थंड करूनच उघडा, वर मावशींनी सांगितलंय तसं. मी बंगळुरूला आंबट बिअर प्यायलोय, मला अजिबात आवडली नव्हती. त्या पैशांत उत्तम व्हिस्की येते.

केपेकार
म्हापशेकर, तुमच्या कामाचं सांगतो.

बाटल्या आजच फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, गाळ खाली बसेल. शनिवारी अर्धा तास आधी बाहेर काढा, १० अंशांच्या आसपास ओता. चार अंशांवर ओतलीत तर वासच येणार नाही. एका दमात हळू ओता, शेवटचं बोटभर वेगळं ठेवा आणि ते नंतर चाखा. काचेची बाटली उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवू नका, बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांच्या अर्काला प्रकाश लागला की घाण वास सुटतो. ग्लास गरम पाण्याने धुवून उपडे ठेवा. साबण राहिला तर फेस मरतो.

वाटा लहान ठेवा. एका बाटलीचे सहा वाटे म्हणजे सव्वाशे मिली, तेवढे भरपूर. आधी नुसता वास घ्या. ब्रेट असेल तर ओलं गवत, चामडं, कधी पिकलेलं अननस. मग आंबटपणा कुठल्या जातीचा ते पाहा. ताकासारखा मऊ असेल तर तो लॅक्टिक, तो हवाच. विंदालूत पडणाऱ्या माडाच्या शिरक्यासारखा (व्हिनेगरसारखा) घशाला लागला तर बाटलीत किंवा पिंपात हवा शिरलीय. नेलपॉलिशचा वास आला तरी बिघाड.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. घोट गिळल्यावर दहा सेकंद गप्प बसा. ब्रेटच्या बिअरमध्ये कधी कधी उंदीर फिरलेल्या तांदळाच्या पिंपासारखी चव मागून येते. तोंडात असताना कळत नाही, लाळेने आंबटपणा उतरला की कळते. काहींना ती जाणवतच नाही, म्हणून सहाही जणांना विचारा. पहिल्या घोटावर मत देऊ नका. वीस मिनिटांनी तीच बिअर वेगळी लागते, तेव्हाचं लिहून ठेवा.

खायला साधं ठेवा : उंडो पाव, उकडलेले बटाटे, खारे शेंगदाणे. उदबत्ती नको, तळणीचा वास नको. आणि एकच बाटली उघडा. दुसरी वर्षभर अंधारात ठेवा, ब्रेट तिला बदलत राहील.

पणजी_पॉइंट
वर्षभर ठेवायची तर वाइन फ्रिज लागेलच.

वास्कोची_मावशी
एकच उघडा, मलाही पटलं.

म्हापशेकर
सगळ्यांचे आभार. केपेकार, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय. बाटल्या दुपारीच फ्रिजमध्ये उभ्या केल्या. ग्लास लग्नात आलेले वाइनचेच वापरतो, कपाटात वीस वर्षं पडून होते.

पण दोन्ही बाटल्या शनिवारीच उघडणार. भाऊ सोमवारी परत जातोय, पुन्हा कधी येईल माहीत नाही. त्याच्याशिवाय ती दुसरी बाटली कोणाबरोबर पिऊ? आणि आईने रवा लावून शिणाण्या (शिंपल्यांतलं मांस) तळायचं ठरवलंय, तिला नको म्हणवत नाही. बटाटे आणि उंडो आधी, बाटल्या चाखून लिहून झाल्या की शिणाण्या. दहा सेकंद गप्प बसायचं मात्र सगळ्यांना बजावलंय. रविवारी इथे लिहितो.