खारटपणा जातो कसा?
बायबलमध्ये मत्तय 5:13 ला येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, पण मिठाचा खारटपणाच गेला तर? मीठ म्हणजे चव, ख्रिस्ती माणसाने आजूबाजूच्यांच्या आयुष्यात चव आणावी, असा याचा अर्थ सांगतात, ते पटलं, पण हे ऐकणाऱ्यांत पेत्र, आंद्रियासारखे गालीलचे मच्छीमार शिष्य होते, फ्रीज कुठला तेव्हा, त्यांच्यासाठी मीठ म्हणजे आधी मासा टिकवायची वस्तू. आमच्याकडे खारा बांगडा करताना बघा, पोट साफ करून कल्ल्यांत, चिरेत मीठ दाबून भरतात, नुसतं वरून भुरभुरवलं तर आतून सडतोच. रविवारी चर्चमध्ये मिस्साला पुढचा बाक आणि सोमवारी दुकानात काटा मारायचा, हे वरून भुरभुरवणंच झालं ना?

आणि मग खारटपणा जातो कसा? सायन्सने बघितलं तर शुद्ध मिठाचा जात नाहीच. पण मृत समुद्राकडचं मीठ शुद्ध नसायचं, त्यात जिप्ससारखी बेचव खनिजं, ओल लागली की खरं मीठ आधी विरघळून जातं आणि उरतो पांढरा बेचव चुरा. दिसायला मीठच! मला तर हेच जास्त डेंजर वाटतं. बाकी बायबलमधलंच कलस्सै 4:6 पण वाचा, तिथे प्रेषित पौल बोलण्यात मीठ असू द्या म्हणतो, चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणाऱ्यांनी तर आधी वाचा.