शब्दचर्चा: खड्गदंती वाघ मानगुटीत सुळे भोसकतो?

टाकसाळ: मुलांच्या कोशासाठी स्मायलोडॉन या नामशेष झालेल्या प्राण्यावर एक वाक्य तयार आहे: ‘हा खड्गदंती वाघ झेप घेऊन सावजाच्या मानगुटीत सुळे भोसकत असे.’ कानाला बरे वाटते. पण खड्गदंती, वाघ, मानगूट आणि भोसकणे, चारही शब्द तपासून हवेत.

अश्मक: मानगूट आधी काढा. मानगूट म्हणजे मानेची मागची बाजू, तिथे मणके. बिबट्या लहान सावज मानगुटीला धरू शकतो, कारण त्याचा सुळा शंकूसारखा, जवळपास गोल छेदाचा. हाडावर घासला तरी निभावतो. स्मायलोडॉनचा सुळा बाजूंनी चपटा. पुढून-मागून येणारा ताण सोसेल, पण मणक्यात अडकला आणि सावजाने मान झटकली तर आडव्या ताणाने मोडेल. तेव्हा ‘नरडे’ लिहा. ‘गळा’ही नको, तो गाणाऱ्यांना असू द्या.

टाकसाळ: एवढा जपायचा दात असेल, तर सावज हलणार नाही याची काय सोय?

अश्मक: पुढचे पाय. त्याच्या दंडाच्या हाडाची भिंत आजच्या मोठ्या मार्जारांपेक्षा जाड आहे. शेपूट आखूड, कंबर आखूड, त्यामुळे लांब पल्ल्याचा पाठलाग त्याच्या अंगात नव्हता. दबा धरायचा, जवळून झडप घालायची, बायसनसारखे जनावर आडवे पाडून पंजांनी जखडायचे आणि मगच तोंड लावायचे. ‘झेप घेऊन भोसकणे’ म्हटले की मधली सगळी कुस्ती गाळली जाते. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ या जीवाश्मस्थळातल्या सांगाड्यांत खांद्याला आणि कंबरेच्या मणक्यांना झालेल्या जुन्या दुखापती दिसतात, त्या या कुस्तीशी जुळतात. (स्पॅनिशमध्ये ‘ब्रेआ’ म्हणजेच डांबर. म्हणून ‘ला ब्रेआची डांबरकुंडे’ हा पिवळा पीतांबर.)

नस्तर: ‘भोसकणे’ का चुकते तेही पाहा. भोसकताना सुरी मुठीत असते, जोर हाताचा. इथे तसे हत्यार नाही. जबडा सुमारे १२० अंश उघडे; सिंहाचा ६५च्या आसपास. इतक्या आ वासलेल्या तोंडात जबड्याचे स्नायू ताणले जातात आणि सुरुवातीला त्यांचा उपयोग थोडाच. एरवीही जोर बेताचा: २००७च्या संगणकीय प्रारूपात त्याचा चावा सिंहाच्या साधारण एक-तृतीयांश ताकदीचा निघाला. मग सुळे आत जातात कसे? जीवाश्मशास्त्रज्ञ विल्यम अकर्स्टन यांनी १९८५मध्ये मांडलेली रीत अशी: खालचा जबडा सावजाच्या अंगाला टेकवायचा, मानेच्या स्नायूंनी डोके खाली ओढायचे. सुळे रुतू लागले की तोंड मिटत जाते आणि मग जबड्याचे स्नायूही कामाला लागतात. शेवटी डोके मागे खेचायचे, की मांस फाटते. म्हणून ‘रुतवणे’ आणि ‘फाडणे’. वाघ मोठ्या सावजाचे नरडे दाबून धरतो आणि ते गुदमरून मरते; इथे रक्तस्रावाने मरण. ‘नरडीचा घोट घेणे’ हा आपला वाक्प्रचार यालाच जास्त शोभतो.

टाकसाळ: पुढच्या दातांना ‘पटाशीचे दात’ म्हणू ना?

नस्तर: माणसाचे असतील तर म्हणा. पटाशी सपाट असते. याचे पुढचे दात टोकदार, कमानीत बाहेर आलेले, पकड घ्यायला. नुसते ‘पुढचे दात’ पुरे.

अश्मक: आता नाव. खड्ग सरळ, रुंद. तलवारीला सहसा एकच धार. हा सुळा वाकडा, चपटा आणि पुढे-मागे दोन्हीकडे कडा असलेला. हुबेहूब बिचवा, म्हणजे वाकडी कट्यार! माझे मत बिचवादंतीला. लांबी देताना घोळ होतो: सर्वांत मोठ्या जातीचा सुळा २८ सेंमीपर्यंत, पण मुळासकट. त्यातला बराच भाग हाडात असतो, सगळा ओठाबाहेर नाही.

नस्तर: १८४२मध्ये ब्राझीलच्या गुहांतल्या हाडांवरून डॅनिश निसर्गअभ्यासक पीटर लुंड यांनी स्मायलोडॉन हे नाव ठेवले ते ग्रीक ‘स्मिले’वरून, म्हणजे छोटी धारदार सुरी. त्यांनाही तलवार आठवली नव्हती. तरी बिचवा आजच्या मुलांना चित्र काढूनच दाखवावा लागेल. खड्गदंती ठेवा आणि शेजारी आकृती द्या.

अश्मक: ठीक. ‘वाघ’ मात्र काढाच. आपल्याकडे बिबळ्यालाही वाघ म्हणतात, म्हणून वाचक लगेच नाते जोडेल. ही शाखा आजच्या मार्जारांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली.

टाकसाळ: मग असे: ‘हा खड्गदंती मार्जार दबा धरून सावजावर झडप घाली, पुढच्या पायांनी ते जखडे आणि नरड्यात सुळे रुतवून ते फाडत असे.’

नस्तर: शेवटी ‘फाडत असावा’ करा. खुद्द अकर्स्टन यांचा कल पोटाकडे होता. पोट रुंद आणि गोलसर, तिथे चामडीची घडी तोंडात येणे अवघड, शिवाय लाथांचा धोका. म्हणून बहुतेक अभ्यासक आता नरडे धरतात. पण हा हाडांवरून बांधलेला अंदाज आहे, आणि मराठीत त्यासाठी ‘असावा’ तयारच आहे.