मूल जागं असताना हातात सुई धरू नये म्हणे!

सुईदोरा: परवा इथेच कुणीतरी ठणकावून गेलं: ‘मूल पाच वर्षांचं होईपर्यंत छंद गुंडाळून ठेवा. घर, मूल आणि हस्तकला तिन्ही सांभाळणारे तिन्हींची वाट लावतात.’ सगळे छंद एकाच गाठोड्यात कसे बांधता? हातातलं काम किती सेकंदांत सोडता येतं ते बघा. क्रोशाचा चालू टाका वीतभर ओढून ठेवला, सुई काढून कपाटावर टाकली की वीण उसवत नाही. दर दहा टाक्यांवर प्लास्टिकची खूण अडकवा, मोजणी परत करावी लागत नाही. उलट बांगडे साफ करायला बसलात की हात माखलेले आणि पुढ्यात उघडी आदोळी, म्हणजे विळी. मग हुमणही, माशांची आमटीही, पाच वर्षं बंद ठेवायची का?

स्पष्टबोला: परवाचं मीच लिहिलं होतं. हात सुटतात हो, डोकं सुटतं का? ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ चाललेलं असताना पोराच्या तिसऱ्या हाकेलाही नुसतं ‘हं’ मिळतं. आणि दोऱ्याचा तुटका तुकडा तान्ह्याच्या पायाच्या बोटाला आवळला तर बोट सुजून काळंनिळं पडतं. पोर रडत राहतं, पण मोजा काढून बघायचं कुणाला सुचत नाही.

कामटी: दीड वर्षाच्या पोराची झोप दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास. त्यातली दुपारची झोप ओल्या कामाला ठेवा. गोव्यात दिवाळीला जाळतात त्या नरकासुराच्या कागदी मुखवट्याची खळ: वाटीभर मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडा, ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा गेला की उतरवा. मातीच्या साच्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, नाहीतर मुखवटा सुटत नाही. एका वेळी दोन-तीनच थर, मग दिवसभर पंख्याखाली. घाई केली की आतून ओला राहून कुबट वास मारतो. बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद.

स्पष्टबोला: मोरचूद! निळे चकचकीत खडे, रांगत्या पोराच्या घरात! पोटात गेलं तर घसा भाजतो, उलट्या होतात, मूत्रपिंडावर जातं. ह्यालाच म्हणायचं का तिन्ही सांभाळणं?

मळबदाटी: मोरचुदाऐवजी मीठ घाला.

कामटी: आपल्या हवेत मीठ पाणी ओढतं. बरणीतलं बघा, पावसात कसं घामेजतं. मिठाची खळ लवकर वाळत नाही. त्यापेक्षा लवंगतेलाचे चार थेंब.

स्पष्टबोला: आणि बाटली कुठे ठेवणार? लहान पोराच्या पोटात चमचा-दोन चमचे लवंगतेल गेलं तरी शुद्ध हरपते, यकृताला इजा होते. ‘नैसर्गिक’ म्हटलं की तुमची अक्कल चरायला जाते.

कामटी: भाषा सांभाळा.

मळबदाटी: अहो, नरकासुर चतुर्दशीच्या पहाटे जाळायचाच आहे ना? वर्षभर टिकवून त्याची पूजा करणार आहात? लागेल तेवढीच खळ शिजवा, उरली तर फ्रीजमध्ये, तिसऱ्या दिवशी फेकून द्या.

कामटी: …बरं. मोरचूद मागे घेतलं. विद्वत्सभेला दंडवत.

सुईदोरा: दोन महिने चतुर्थीच्या मखरासाठी आणि मग आठ-आठ रात्री नरकासुरासाठी वाड्यावरचे बापे जागतात. त्यांना ‘पोर पाच वर्षांचं होऊ दे’ असं कुणी कधी सुनावलंय का? पावसात न वाळणारी लंगोटं दोरीवर उलटीपालटी करायला मात्र बाईच.

स्पष्टबोला: बाप्यांनाही तोच नियम. लिहायचं राहिलं, एवढंच.

सुईदोरा: राहिलं कसं बरोबर! आणि चार वर्षांच्या पोराला रद्दीच्या पट्ट्या फाडायला बसवा. हाताने फाडलेली कड सपाट चिकटते, कात्रीची उठून राहते. पोर शेजारी, बोलणं चालू, काम पुढे. ह्यात दुर्लक्ष कुठे दिसलं?

स्पष्टबोला: चार वर्षांचं म्हणता, मग चालेल. दीड वर्षाचं त्याच पट्ट्या तोंडात घालील. मुखवट्याचे मणी, डोळे लावताना टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या, तीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या पोराजवळ ठेवू नका. टाका ओढून ठेवायचं पटलं. सुई मात्र कपाटावरच, आणि मोजणी मनातल्या मनात नको.

कामटी: गुठळ्या आधी मोडायच्या, हे तरी कुणी खोडून काढलं नाही. आभारी.