पावसाचा खंड आणि पऱ्हाटीचं हिरवं पान

वर दादांनी लिहिलंय की पावसाने दडी मारली की पऱ्हाटीला (कपाशीला) पाणी कमी पडतं, म्हणून प्रकाशसंश्लेषण थांबतं. थोडी भर घालतो. कच्चा माल म्हणून लागणारं पाणी अगदी थोडं. मुळांनी ओढलेलं बहुतेक पाणी पानांतून उडूनच जातं. अडतं ते कार्बन डायऑक्साइडवर. जमीन सुकली की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रं, म्हणजे हा वायू आत घेणारी पानावरची बारीक छिद्रं, मिटतात. ऊन मात्र आमच्या यवतमाळकडे ऑगस्टच्या खंडातही कोणाची गय करत नाही. पकडलेली ऊर्जा वापरली जात नाही, मग हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या ज्या हिरव्या कणात प्रकाशसंश्लेषण चालतं तिथे, ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात.

खरी गंमत इथून पुढे. हरितलवकाकडे स्वतःची जेमतेम शंभर-सव्वाशे जनुकं. बाकी हजारो प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. म्हणून हरितलवकच केंद्रकाला उलटा निरोप धाडतं, आणि प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांची, रुबिस्कोच्या (कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराच्या) लहान घटकाची जनुकं मंदावतात. प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतल्या डी-वन प्रथिनाचं तसं नाही. ते उन्हाने सतत मोडतं, पण त्याचं जनुक हरितलवकातच असल्याने नवं बनवून बसवणं तिथल्या तिथे चालू असतं. म्हणजे दुकान पूर्ण बंद होत नाही.

उष्णतेचं प्रकरण वेगळं. रुबिस्कोला चालू ठेवणारं अ‍ॅक्टिव्हेज हे विकर तापलं की लवकर ढेपाळतं. त्यासाठी जनुकं मंदावायची वाट पाहावी लागत नाही. पान हिरवंगार दिसलं तरी आत काम मंद असू शकतं, ते यामुळेही.

दादा, तुमचं वावर बरड आहे की काळीचं?